दहा किलोच्या खाली

जिनिंगच्या माझ्या काट्यावर दहा किलोच्या खाली
काही दिसतच नाही.
कापसाची गाडी चढते, आकडे थोडे नाचतात,
थांबतात, मी पावती फाडते.
टपावर कावळा बसला काय, उडाला काय,
काट्याला त्याचं काही नाही.
आणि तीच मी, तीन महिने
तीनशे ग्रॅमसाठी झोप खराब करते आहे.

जुनी चाकं डहाक्यांच्या दुकानात मोजली.
त्यांनी गुळाची भेली सरकवली, जागा केली.
पुढचं नऊशे ऐंशी, मागचं बाराशे साठ.
"काय भाव लावू वं?" म्हणाले.
तुरीच्या डाळीसाठी थांबलेली बाई हसली.
मीही हसले, पण आकडे हातावर लिहून घेतले.

चौदा हजार आहेत. हंगामाचा बोनस,
आणि आईला न सांगता उचललेली भिशी.

पुण्याचा एकजण कार्बनची देतो म्हणाला,
वापरलेली, पन्नास मिलिमीटरची उंच रिम, अडतीस हजार.
"ताई, गाडी उडते नुसती."
उडत असेल.
मार्चात देऊरवाड्याच्या माळावर आडवा वारा सुटतो
तेव्हा वाळल्या पऱ्हाट्याही उडतात.
मला उडायचं नाही.
मला रविवारी त्या चढाच्या शेवटच्या वळणावर
अमरावतीच्या पोरांच्या पाठी दिसत राहायला हव्यात,
एवढंच.

दुसरी जोडी अठरा हजारांची, देखणी, वीसच आरे.
मी विचारलं, आरा तुटला तर?
नागपूरहून मागवू, पंधरा दिवस, आला तर.
तोवर काय, चाक खुंटीला टांगून
त्याला हळद-कुंकू वाहू?

नत्थूजी कोवे कॅटलॉग बघत नाहीत.
त्यांनी चाक मांडीवर घेतलं
आणि नखानं एकेक आरा छेडत गेले.
"हा बोलते. हा बी बोलते. हा मुका झाला."
मग चष्मा कपाळावर:
"मागचंच बदल, पोरी.
तुह्यं वजन मागं, तुह्या पायाचा जोर मागं.
पुढचं तं नुसतं रस्ता पाह्यते."

रात्री वहीत हिशेब मांडला.
हब सहा हजार आठशे. रिम चोवीसशे.
अठ्ठावीस आरे, चाळीसचा एक.
नत्थूजींचे चारशे, तेही मीच बळेच धरले.
उरले त्यात दोन टायर, जाड पोटाचे,
कारण आमच्या रस्त्याला बाभळी आहेत
आणि बाभळीला कार्बन, ॲल्युमिनियम सगळं सारखंच.
शिल्लक ऐंशी रुपये.
त्याची सांबारवडी खाल्ली, एसटी स्टँडवर,
हबचं पार्सल मांडीवर घेऊन.

दोन संध्याकाळी लागल्या.
बल्बखाली रिम फिरायची, नत्थूजी खडू धरायचे,
जिथं खडू लागेल तिथं पाव फेरा चावी.
बोलायचं नाही, असा दंडक.
शेवटी खडू कुठंच लागला नाही
आणि ते म्हणाले, "जा आता. पन्नास किलोमीटर चालव अन् परत आण.
नवं चाक थोडं रुसते."

डहाके वाटच पाहत होते.
अकराशे चाळीस.
"एकशेवीस ग्रॅम? पावाचा अर्धा बी नाई गेला,
अन् चौदा हजार गेले!"
त्यांनी हे चार गिऱ्हाइकांना सांगितलं,
त्यातलं एक माझी आई.

तिनं दोन दिवस विचारलं नाही काही.
तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आवाज कायचा येते तुह्या सायकलीतून?"
नवा हब. पाय थांबवले की
रातकिड्यांसारखा टिरटिरतो.
पहिल्या आठवड्यात गावकुसाची कुत्री उठून धावली,
आता मान वर करतात, मला ओळखून
पुन्हा पायात तोंड घालतात.

चढ? चढ आहे तेवढाच आहे.
फक्त उभी राहून जोर लावला की
मागचं चाक आता लचकत नाही,
दिलेलं घेतं आणि पुढे ढकलतं.
पाठी दिसतात. कधी एखादी
बऱ्यापैकी जवळ.

काल सकाळी काटा रिकामा होता.
कोणी नाही बघून सायकलसकट वर चढले.
साठ.
जुन्या चाकांवरही साठच होते.
मागे कापसाच्या गाडीनं हॉर्न दिला,
मी खाली उतरले.